पत्र्याखालच्या सहा कुंड्या

१

बुधवारी सकाळी आठ वाजता यशोधरा पाण्याची झारी घेऊन गॅलरीत गेली आणि दारातच थबकली. मिरचीचं रोप मेलं होतं.

काल संध्याकाळी ते ताठ उभं होतं. अंगावर सात मिरच्या आणि एक चुकार फूल. आज त्याने मान टाकली होती. पानांच्या कडा कोणीतरी उदबत्ती टेकवून जाळाव्यात तशा तपकिरी झाल्या होत्या, आणि सातही मिरच्या म्हाताऱ्या बोटांसारख्या सुरकुतल्या होत्या.

"पाचवं," ती म्हणाली.

"काय पाचवं?" तोंडात टूथब्रश धरून मिलिंदने आतून विचारलं.

"मेथी, पालक, टोमॅटो, कोथिंबीर. आणि आता मिरची. कोणीतरी मारतंय रे माझी झाडं."

"अगं यार, सकाळी सकाळी मर्डर काय! मांजर मुतली असेल. ती करड्या रंगाची, रोज येऊन बसते ती."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या नवऱ्याला सव्वाआठची रिक्षा गाठायची असते. त्याच्याशी मांजरावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. गॅलरी एवढीशी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आत सरावं लागायचं. शेजारच्या वेणूमावशींच्या गॅलरीला ती लागून होती. मध्ये कमरेइतकी भिंत. त्या भिंतीच्या कडेने यशोधरेने दहा कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. शेवटच्या चार ग्रिलमध्ये बाहेर आलेल्या, उघड्या आभाळाखाली: पुदिना, गुलाब, मोगरा, गवती चहा. अलीकडच्या सहांवर मिलिंदकडून हट्टाने पत्रा ठोकून घेतलेला, जूनच्या पहिल्याच आठवड्यात. पावसाने कोवळी रोपं सडतात, असं तिने वाचलं होतं.

बाहेरच्या चारही कुंड्या हिरव्यागार होत्या. पत्र्याखालच्या सहांपैकी पाच मेल्या होत्या. उरला होता फक्त कढीपत्ता, आणि आज त्याच्याही खालच्या पानांच्या कडा तपकिरी दिसत होत्या.

ज्यांना सांभाळायला पत्रा घातला, नेमकी तीच मरत होती.

आत चौदा महिन्यांची ऋता उठून बडबडायला लागली. यशोधरेने तिला उचललं, तिचं कपाळ हाताने पाहिलं, मग थर्मामीटरनेही पाहिलं. पालक मेला त्याच्या दोन दिवस आधीपर्यंत तोच पालक उकडून, गाळून या पोरीच्या पोटात गेला होता.

टेबलावर एक पत्र पडलं होतं. अंबरनाथच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिची निवड झाली होती. एक ऑगस्टला रुजू व्हायचं, आणि होकार शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचा. ऋताला दिवसभर वेणूमावशी सांभाळणार असं तोंडी ठरलेलं होतं.

पण या भिंतींच्या आसपास असं कोणीतरी होतं, जे गुपचूप येत होतं आणि जिवंत गोष्ट मारून जात होतं. आणि आठ दिवसांनी ती आपलं मूल इथेच सोडून जाणार होती.

शुक्रवारी पाचच्या आत तिला ते माणूस शोधायचं होतं.

२

पहिला संशय वरच्या मजल्यावर गेला. वृंदाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि स्वच्छतेच्या बाबतीत कडक. रोज दुपारी त्या फिनाइलने गॅलरी धुवायच्या आणि ते पाणी धारेने खाली यायचं. त्यावरून मार्चमध्ये एकदा कुरबुर झालीच होती.

ऋताला कडेवर घेऊन यशोधरा वर गेली. जिन्यात तिने तीन वेळा वाक्य घोळवलं, तरी तोंडातून भलतंच आलं.

"ताई, तुमचं फिनाइल कुठल्या कंपनीचं आहे?"

वृंदाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का? तुला हवंय, की माझ्यावर आरोप आहे?"

"आरोप नाही हो... माझी झाडं मरतायत."

"कुठली?"

"पत्र्याखालची. बाहेरची चांगली आहेत."

"मग शिकलीस कशाला गं एवढी?" वृंदाताई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "माझं पाणी वरून पडतं. पडलं तर कुणावर पडेल? उघड्यावरच्या चारांवर. त्या टुणटुणीत. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्या मेल्या. माझं फिनाइल काय पत्र्याला वळसा घालून आत शिरतं?"

यशोधरेचे कान तापले. साधी गोष्ट होती. भीतीच्या भरात ती दिसलीच नव्हती.

"सॉरी ताई."

"सॉरी राहू दे. पोरीला राजगिऱ्याचा लाडू देऊ?"

"नको, गूळ अजून... म्हणजे डॉक्टर म्हणाले..."

"बरं, बरं. तुझ्या पोरीला काही द्यायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागतो." त्या हसल्या, पण टोचलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "आणि ते मांजर तुमच्या मजल्यावरच का पडून असतं गं? माझ्याकडे फिरकत नाही. येऊन मिळणार काय म्हणा, चातुर्मासात माझ्याकडे कांदासुद्धा नसतो."

"सवय असेल."

"असेल. एक मात्र सांगते. तू झाडांना इतक्या पहाटे पाणी घालू नकोस. साडेपाचला मी प्राणायामाला बसते आणि खाली तुझ्या कुंड्यांवर बदाबदा पाणी ओतल्याचा आवाज येतो. मन लागत नाही."

यशोधरा जागच्या जागी उभी राहिली.

"ताई, मी पाणी आठ वाजता घालते," ती म्हणाली. "साडेपाचला मी झोपलेली असते."

३

म्हणजे वरून नाही. आतून, नाहीतर शेजारून.

घरात साडेपाचला जागं असणारं एकच माणूस होतं. सासरे शिवराम शहाडच्या कारखान्यात पस्तीस वर्षं पहिल्या पाळीला गेलेले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचे डोळे पाचलाच उघडत. गुडघे मात्र निवृत्तीबरोबरच गेले होते, म्हणून तर ऋतामागे धावणं त्यांना जमणारं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला दोघे बापलेक समोर बसलेले. तिने वाढता वाढता विचारलं, "पप्पा, पहाटे झाडांना तुम्ही काही घालता का?"

शिवरामांचा घास हातातच राहिला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने ताटाकडे.

"घालतो," ते म्हणाले. "थोडं."

"काय?"

"चहा. उरलेला, चोथ्यासकट. गुलाबाला चांगला असतो गं."

"साखरेचा चहा? म्हणून त्या मुंग्या! आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरशील म्हणून. मुंग्या म्हटलं की तू पोरीची चादर तीनदा झटकतेस."

मिलिंद फिस्सकन हसला. तिने मोर्चा त्याच्याकडे वळवला. "आणि तुला हसायला काय झालं? या कुंड्या कुठल्या? दुकानातून आणल्या म्हणालास. परवा मेथीची रिकामी करताना बुडाला कारखान्याची चिठ्ठी चिकटलेली दिसली मला."

आता हसणं थांबलं.

"कारखान्यातले डबे आहेत," मिलिंद म्हणाला. "कापून आणले."

"डबे? कसले? ब्लीचचे? रंगाचे? मिलिंद, त्यातला पालक ऋताने..."

"बटणांचे! जीन्सच्या बटणांचे गं. आईशपथ. आमच्या शेठला विचार हवं तर. कारखाना शब्द ऐकूनच तू दहाही फेकून दिल्या असत्यास, म्हणून बोललो नाही."

तिने त्या रात्री वही काढली. ऋताच्या जन्मापासून ती ही वही लिहीत होती. किती वाजता दूध, किती वेळ झोप, शी कशी, ताप किती, सगळं वार आणि वेळ घालून. मिलिंद तिला पंचनामा म्हणायचा. वहीच्या मागच्या पानांवर कुंड्यांची नोंद होती. तिथे तिने लिहिलं:

'चहा फक्त गुलाबाला. गुलाब जिवंत. पप्पा नाहीत. डबे दहाही सारखे, पाच महिने त्यांतच सगळं फुललं. मिलिंदही नाही.'

लिहून झाल्यावर पेन तसंच हातात राहिलं. जानेवारीपासून मेपर्यंत त्या कुंड्या अशा माजल्या होत्या की खालच्या मजल्यावरचे लोक मान वर करून बघत. वेणूमावशी म्हणायच्या, तुजे हाताला गुन हाय गो. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिला कोणीतरी असं म्हटलं होतं. दूध कमी, झोप कमी, सगळं कमी पडणाऱ्या दिवसांत ती दहा कुंड्यांची हिरवळ एवढंच तिला नीट जमलं होतं.

आणि नेमकं तेच कुणाला तरी नको होतं.

उरलं होतं एकच नाव. ते लिहायला तिचा हात धजावला नाही.

४

गुरुवारी काही घडलं नाही. कढीपत्ता होता तसाच राहिला, जणू मारणाऱ्याची सुट्टी होती.

दुपारी ऋताचा हात धरून ती वेणूमावशींकडे गेली. वेणूमावशी साठीच्या. माहेर उरणकडचं, मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातलं. लग्न होऊन बदलापूरला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली होती. मुलगा कल्पेश आणि सून भाविका नोकरीसाठी पुण्याला. ऋता दिसली की त्यांचा अख्खा चेहरा उजळायचा.

"आली माजी बाय! ये गो ये." त्यांनी ऋताला मांडीवर ओढलं आणि लगेच यशोधरेकडे पाहिलं. "हात धुतलेत हां मी. साबनाने."

गॅलरीत करडं मांजर नळाखालच्या झाकलेल्या पातेल्याभोवती घिरट्या घालत होतं. वेणूमावशींनी चप्पल उगारली. "हाड्! मेल्या, उद्याचा हाय तो. उद्या शुक्रवार हाय ना."

"मावशी, माझी मिरची गेली काल."

"बघितला ना." वेणूमावशींचा आवाज एकदम खाली आला. "माजा जीव हळहळला. एवढी भरलेली मिरची. टोमॅटो गेला तवापासून मी बघतंय, तुजा तोंड उतरलाय."

त्यांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. टोमॅटोच्या मेलेल्या कुंडीत एक लालसर दांड्याची, जाड इवल्या पानांची वेल आपसूक पसरली होती.

"ही घोळ काढू नको हां. भाजी कर. आमचे मिठागराचे बांधावं दुसरा काय उगवायचा नाय, ही मात्र माजलेली असायची. आय आमची डाळीत टाकायची."

यशोधरेच्या ओठांवर प्रश्न आला होता. मावशी, पहाटे तुम्ही माझ्या कुंड्यांवर काय ओतता? पण ऋताने वेणूमावशींच्या गळ्यातली पोत मुठीत घट्ट धरली होती आणि ती खिदळत होती. या बाईला आपण एकदा हा प्रश्न विचारला, की नंतर काहीही उत्तर आलं तरी हे चित्र परत असं दिसणार नव्हतं.

ती न विचारताच परतली. रात्रीपर्यंत तिने होकाराचा मेल लिहिला, खोडला, नकाराचा लिहिला, तोही खोडला.

५

शुक्रवारी सकाळी ती ग्रिलमधून वाळलेले कपडे काढत होती. अर्धं मिनिट. फार तर पाऊण. वळून पाहते तर ऋता रांगत कुंड्यांपाशी गेलेली, मिरचीच्या कुंडीचा काठ दोन्ही हातांनी धरलेला, आणि जीभ बाहेर.

ती काठ चाटत होती. ओठांवर, हनुवटीवर काहीतरी पांढरं लागलं होतं.

यशोधरेने पोरीला उचललं, बोट घालून तोंड पुसलं, पाणी पाजलं, तोंड पुन्हा पुसलं. शिवराम काठी टेकत लगबगीने आले. ऋता रडत होती. पण दुखल्यासारखं नाही, खाऊ काढून घेतल्यासारखं. दोन्ही हात कुंडीकडे. अजून हवं.

कुंडीच्या काठावर, मातीच्या कडेला पांढरी साय धरली होती. चुरचुरीत, चकाकणारी. पत्र्याखालच्या सहाही कुंड्यांना. बाहेरच्या चारांना नाही. कढीपत्त्याची माती आत्ताच कोणीतरी भिजवल्यासारखी ओली होती, आणि तिने अजून पाणी घातलं नव्हतं.

"डॉक्टरांना फोन लाव," शिवराम म्हणाले. "पण ते विचारतील, खाल्लं काय? काय सांगायचं?"

काय खाल्लं, हे कळायला एकच वाट होती. दुधाची बाटली सात मिनिटं उकळणाऱ्या, पेढासुद्धा आधी स्वतः हुंगून बघणाऱ्या यशोधरेने बोट त्या पांढऱ्या सायीवर घासलं आणि जिभेला लावलं.

मग तिने पुन्हा लावलं.

"पप्पा," ती म्हणाली, "मीठ आहे."

"मीठ?"

"साधं, खायचं मीठ."

चौदा महिन्यांत तिने ऋताच्या जेवणात मीठ जवळजवळ घातलंच नव्हतं. पोरीला आयुष्यातली सगळ्यात चविष्ट गोष्ट सापडली होती. डॉक्टरांनी फोनवर ऐकून घेतलं, चाटलं म्हणजे किती ते विचारलं, भरपूर पाणी द्या, काही वाटलं तर घेऊन या म्हणाले. ऋता अर्ध्या तासात चमच्याने ताट बडवत होती.

यशोधरेने मात्र वही उघडली. मागची पानं. मेथी, बुधवार. पालक, शुक्रवार. टोमॅटो, रविवार. कोथिंबीर, शुक्रवार. मिरची, बुधवार.

सोमवार नाही, मंगळवार नाही. गुरुवार, शनिवार तर नाहीच.

ती वारांकडे बघत राहिली. तिच्या घरात कोणी वार पाळत नव्हतं; मासे आणले की मंगळवारीही शिजायचे. वृंदाताईंकडे बाराही महिने भाजी. बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार ज्या घरात ठरलेले होते, ते घर भिंतीपलीकडे होतं. आणि नळाखाली झाकलेलं पातेलं. आणि मांजर. उद्याचा हाय तो.

सगळं एका क्षणात जागेवर बसलं. फक्त एक सोडून. का?

तिने ऋताला शिवरामांजवळ बसवलं आणि शेजारची बेल वाजवली.

६

"मावशी," दार उघडताच ती म्हणाली, "पहाटे माझ्या कुंड्यांवर पाणी तुम्ही ओतता."

तिने विचारलं नाही, सांगितलं. वेणूमावशींचा हात कडीवरच राहिला. मग त्या खाली मान घालून आत गेल्या आणि पाटावर बसल्या.

"कोन बोलला? वरची?"

"वही बोलली. बुधवार, शुक्रवार, रविवार. तुमच्याकडे मासळीचे वार. जूनपासून दर्यावर मासेमारीला बंदी, ताजी मासळी महाग, म्हणून तुम्ही खारं आणता. खारवलेला बांगडा, सुरमई. आदल्या रात्री पातेल्यात भिजत घालता, मीठ उतरायला. आणि पहाटे ते पाणी..."

"झाडांना घालते," वेणूमावशी म्हणाल्या. "मासली धुतलेला पानी झाडाला चांगला असते गो. माजी आय तेच घालायची. मिरचीला, शेवग्याला, कढीपत्त्याला. ते पान्यावं झाड कसा उठते! मी तर जानेवारीपासून घालते."

यशोधरा दारातच होती. ती हळूच आत येऊन समोर बसली.

"जानेवारीपासून?"

"तुजा पयला कढीपत्ता मेला ना, तवा. तू गॅलरीत उभी राहून रडलीस. पोर कडेवर, आनि तू रडतेस. मी भिंतीचे आड होते. मना वाटला, ही झाडासाठी नाय रडत. मंग दुसरा लावलास, तवापासून मी घालायला लागले. झाड जगला तर पोर हसल, एवढाच मनात."

हाताला गुण, ते हिरवंगार माजणं, खालच्यांनी मान वर करून बघणं. ते सगळं दर बुधवारी, शुक्रवारी, रविवारी पहाटे भिंतीपलीकडून येत होतं.

"पण मावशी, ते ताज्या मासळीचं पाणी होतं," यशोधरा म्हणाली. "हे खाऱ्याचं आहे. यात मीठ आहे."

वेणूमावशींनी वर पाहिलं. डोळे मोठे होत गेले. मग त्यांनी थाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"अगो बाय माजे! मिठागरावं जल्मले मी, आनि मनाच मीठ कळला नाय! घोळ उगवली तरी कळला नाय! आनि झाड सुकते बघून मी आजून जास्ती ओतत होते, अशक्त झालाय म्हनून!"

"बाहेरच्या चारांनाही घालत होतात?"

"दहाच्या दहांना. एकाला देऊन दुसऱ्याला कसा ठेवायचा?"

"त्यांचं मीठ पावसाने धुऊन नेलं. माझ्या सहांवर पत्रा होता." तिला हसू आलं. "पाऊस लागू नये म्हणून मीच ठोकून घेतला होता. निम्मा खून मीच केलाय, मावशी."

पण एक प्रश्न उरला होता, आणि खरं तर तोच विचारायला ती आली होती.

"मला सांगितलं का नाहीत?"

वेणूमावशी पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सांगितला असता तर तू कुंड्या फेकल्या असत्यास. पोरीचे खान्याचे भाजीवं मासलीचा पानी! तू पोरीचे हात दिसातून धा वेळा धुतेस. मी तिला घेते तवा आदी माजे हात दाखवते तुना. मना भीती वाटते गो तुजी."

तुझी भीती वाटते. या इमारतीत सगळ्यात जास्त घाबरणारी बाई कोण असं कुणी विचारलं असतं, तर यशोधरेने स्वतःचंच नाव सांगितलं असतं. आणि तिचीच लोकांना भीती वाटत होती. पप्पांचा चहा, मिलिंदचे डबे, वृंदाताईंचा अर्ज. तिच्या नजरेतून काही सुटू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसली, आणि सगळ्यांनी मिळून गोष्टी तिच्या नजरेआड करायला सुरुवात केली. मिठाचं पाणी दोन महिने मुकाट्याने वाहत राहिलं ते त्यामुळेच. पहिल्याच बुधवारी कोणी एक शब्द बोललं असतं, तर मेथीसुद्धा वाचली असती.

"फेकल्याच असत्या," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"मंग?"

"मग आता असं करू. ऋताला तुम्ही सांभाळायचं, एका अटीवर."

वेणूमावशी सावरून बसल्या. "बोल. उकळलेला पानी, धुतलेले हात, मीठ नाय, साखर नाय, टीव्ही नाय. पाठ हाय मना."

"ते आहेच. पण ही त्याच्या वरची अट. जे होईल ते सांगायचं. पडली, रडली, काही खाल्लं, तुम्ही काही दिलं. मी ओरडेन असं वाटलं तर आधी सांगायचं."

वेणूमावशींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "माजी पन एक अट हाय."

"काय?"

"मी सांगितला की तू नोकरी सोडून पलत यायचा नाय."

दुपारी मिलिंद लवकर आला. शेजारच्या नळावरून भरलेल्या बादल्या वेणूमावशी भिंतीवरून देत होत्या आणि तो सहाही कुंड्या बुडातून पाणी वाहीपर्यंत धूत होता. मग त्याने पत्र्याचे स्क्रू काढले. पत्रा खाली आला तशी वरून पावसाची भुरभुर कढीपत्त्यावर उतरली. शिवराम खुर्चीवरून सूचना देत होते, वरून वृंदाताई त्या सूचना दुरुस्त करत होत्या.

"आता दर्याची बंदी उठंल," वेणूमावशी म्हणाल्या, "नि मंग चार दिसांत श्रावन लागंल. मासली मना चार दिसच भेटनार. पन तेचा पयला पानी कढीपत्त्याला. आता उजेडात घालीन."

पाचला सात मिनिटं कमी असताना यशोधरेने होकाराचा मेल पाठवला.

७

एक ऑगस्टला सकाळी ग्रंथालयात तिला एक टेबल, एक खुर्ची आणि नोंद न झालेल्या पुस्तकांचे चार गठ्ठे मिळाले. निघताना तिने कढीपत्त्याला हात लावून पाहिला होता. खालची करपलेली पानं गळून गेली होती. पण शेंड्याला, नखाच्या टोकाएवढा, तांबूस पोपटी कोंब.

अकरापर्यंत तिने फोन नऊ वेळा पाहिला. काही नव्हतं. काही नसणं म्हणजे सगळं ठीक असतं की नसतं, हे तिला अजून कळत नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. वेणूमावशींचा आवाजी निरोप होता, भाविकेने पुण्याहून फोनवर शिकवल्याप्रमाणे पाठवलेला. यशोधरा उठून खिडकीशी गेली आणि फोन कानाला लावला. आधी भांड्यांचा आवाज, मग मांजरावर ओरडणं, मग अगदी तोंडाशी धरलेला, जरुरीपेक्षा मोठा आवाज:

"यशोधरा, ऐक हां. पोरीने माती खाल्ली. कढीपत्त्याची. थोडीशी, चिमूटभर. मी बघेपर्यंत खाल्ली. तोंड धुतला, पानी पाजला, आता बसून हसतेय. तू घाबरशील म्हनून आदी वाटला नको बोलायला. पन सांगितला बघ."

मागून ऋताचं खिदळणं ऐकू आलं आणि निरोप संपला.

यशोधरेने पर्सकडे पाहिलं. पर्समध्ये रिक्षाचे सुटे पैसे होते, अंबरनाथहून बदलापूर पुढचंच स्टेशन होतं. हात पर्सच्या पट्ट्यापर्यंत गेला. तिने तो मागे घेतला. मग फोन तोंडाशी धरला.

"मावशी, मीठ होतं का मातीत?"

तिकडून उत्तर आलं ते नुसतं हसणं होतं, दम लागेपर्यंतचं. यशोधरा खुर्चीवर येऊन बसली आणि तिने पहिला गठ्ठा सोडला.